चुळबुळच्या जाहिरातीतलं भूत

सरळरावांचं खरं नाव पगारपत्रकाखेरीज कुठेही शिल्लक राहिलं नव्हतं. 'चुळबुळ' नावाचं लिंबाच्या चवीचं फसफसतं पेय बनवणाऱ्या कारखान्यात ते बावीस वर्षं लेबल तपासनीस होते. पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, सरळराव त्यांच्याकडे बघायचे आणि जिचं लेबल वाकडं असेल तिला दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायचे. काम एवढंच. पण बावीस वर्षं एकच काम केलं की ते माणसाच्या अंगात मुरतं. सरळरावांना जगातली कुठलीच वाकडी गोष्ट सोसेना. लोकांच्या घरी गेले की भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचे. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे एकदा दाढ काढायला गेले होते, तर तोंडात कापूस असताना उठून त्यांनी भिंतीवरचा दातांचा तक्ता नीट लावला होता.

तर एका मंगळवारी कारखान्याच्या फळ्यावर एकदम दोन नोटिसा लागल्या.

पहिलीत लिहिलं होतं की पुढच्या महिन्यापासून लेबलं तपासायला कॅमेऱ्याचं यंत्र येत आहे, ते मिनिटाला सहाशे बाटल्या तपासतं, आणि 'संबंधित कर्मचाऱ्यांबाबत योग्य तो निर्णय यथावकाश घेण्यात येईल'. संबंधित कर्मचारी एकच होता. सरळरावांनी ती नोटीस दोनदा वाचली. ती जराशी तिरकी लागली होती, म्हणून टाचणी काढून सरळ लावली आणि तिसऱ्यांदा वाचली. सरळ लावूनही मजकूर बदलला नाही.

दुसरी नोटीस जाहिरात विभागाची होती. 'हॅलोविननिमित्त चुळबुळसाठी विनोदी जाहिरातीच्या कल्पना हव्या आहेत. सर्व कर्मचाऱ्यांना खुले आमंत्रण. निवड झालेल्या कर्मचाऱ्यास जाहिरात विभागात सामावून घेण्याचा विचार होईल.'

'सामावून' या शब्दापाशी सरळराव बराच वेळ उभे राहिले.

घरी येऊन त्यांनी फक्त दुसऱ्या नोटिशीचं सांगितलं. पहिलीचं सांगितलं नाही. बायको काळजी करेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे बायको प्रश्न विचारेल, याची त्यांना भीती होती. बायकोचे प्रश्न लेबलासारखे असतात. एकदा चिकटले की निघत नाहीत.

"हॅलोविन म्हणजे काय गं?" त्यांनी लेकीला विचारलं. ती कॉलेजात शिकत होती, म्हणजे तिला सगळं माहीत असणार हे गृहीतच.

"भुतांचा दिवस असतो, बाबा. लोक भुताचे कपडे घालून हिंडतात."

"का?"

"मजा म्हणून."

"आणि खरी भुतं त्या दिवशी काय करतात?"

"खरी नसतात, बाबा."

"मग त्यांचा दिवस कशाला?"

लेक उठून आत गेली. सरळरावांनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं, आणि विनोदाला बसले. आता विनोदाला बसणं आणि जेवायला बसणं यांत फरक असतो. जेवायला बसलं की पानात काहीतरी येतं. अर्ध्या तासात सरळरावांच्या वहीत एक समास आखून झाला, त्यापलीकडे काही नाही. मग ते उठले आणि खोलीत येरझाऱ्या घालू लागले. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत.

संध्याकाळपर्यंत तीन कल्पना झाल्या. पहिली: एक सांगाडा बाटली तोंडाला लावतो, पेय फासळ्यांतून गळून जमिनीवर सांडतं आणि सांगाडा दुकानदाराशी भांडतो की बाटली रिकामी होती. दुसरी: दोन भुतं एका बाटलीवरून भांडतात आणि जिवानिशी जातात. इथे सरळरावांनाच शंका आली, की भूत जिवानिशी जाणार कुठे. म्हणून ती खोडली. तिसरी: रक्त पिणारं भूत रक्त सोडून चुळबुळ प्यायला लागतं. ही त्यांना बरी वाटली. म्हणून दातांच्या डॉक्टरांना जिन्यात गाठून त्यांनी ती ऐकवली.

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "पुढे मी सांगतो. वर्षभरात त्याचे दोन्ही सुळे किडतात. ते ठणाणा करत माझ्याकडे येतं. मी म्हणतो, आ करा. शेवटी पडद्यावर माझा पत्ता आणि भेटीची वेळ."

"पण डॉक्टर, जाहिरात पेयाची आहे."

"तेच म्हणतोय ना मी. तुमचं पेय नसेल तर माझ्याकडे येईल कोण?"

सरळराव अपमान गिळून वर आले आणि पुन्हा फेऱ्या सुरू झाल्या. खिडकी, दार, खिडकी. अखेर बायकोचा संयम सुटला. ती स्वयंपाकघरातून झाडू घेऊनच आली.

"हा घ्या. एवढं चालताय तर निदान केर तरी निघेल. आणि दिवाणाखालचाही काढा, माझ्याच्याने वाकवत नाही."

सरळराव झाडू हातात घेऊन उभे राहिले आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समजा, एक भूत एका घरात भीती घालायला येतं. घरातली बाई त्याला घाबरतच नाही! ती म्हणते, आलायस ना, उंच आहेस ना, मग बल्ब बदल. पंखा पूस. कपाटावरचा डबा काढ. भूत राबून राबून रडकुंडीला येतं, मग बाई त्याला एक थंडगार चुळबुळ देते. बाटली उघडताना 'फस्स' आवाज होतो आणि दचकतं कोण? भूत!

"सापडली!" सरळराव ओरडले.

"काय, माझी पिन?" बायको दिवाणाखालून मान न काढता म्हणाली, केर शेवटी तीच काढत होती.

बुधवारी सकाळी ते जाहिरात विभागात गेले. तिथल्या प्रमुख बाई वयाने त्यांच्या लेकीहून फार तर आठ-दहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी कागद वाचला आणि चक्क हसल्या.

"काका, मस्तच आहे. पण कागदावर सगळंच मस्त दिसतं. मोबाइलवर चित्रित करून आणा ना, दोन मिनिटांचं. शुक्रवारी सगळ्यांसमोर दाखवू."

"मी? चित्रित?"

"घरच्या घरीच करा हो. एक चादर आणि एक भूत, एवढंच तर लागतंय."

सरळराव दोन दिवसांची रजा टाकून घरी आले, तर दिवाणखान्यात मेव्हणा बसलेला.

या मेव्हण्याबद्दल थोडं सांगायला हवं. हा बायकोचा थोरला भाऊ. आजवर सात नोकऱ्यांनी त्याला सोडलं होतं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने त्यांना. एका हौशी नाटक मंडळीत त्याने दोन वर्षं पडदा ओढण्याचं काम केलं होतं आणि त्या जोरावर तो स्वतःला रंगभूमीचा माणूस समजत असे. "नटाला फक्त त्याचं काम दिसतं, भावजी," तो म्हणायचा. "पडदेवाल्याला अख्खं नाटक दिसतं." बायकोने फोनवर सहज जाहिरातीचा विषय काढला होता. तेवढ्या निमंत्रणावर तो आला होता.

"भावजी, दिग्दर्शन माझ्याकडे सोपवा आणि निश्चिंत व्हा," तो म्हणाला. निश्चिंत होण्याची शक्यता तिथेच संपली.

चादर बायकोने कपाटाच्या तळातून काढून दिली, तीही 'डाग पडला तर बघा' या शब्दांसह. डागाचं काही ठरायच्या आत मेव्हण्याने तिला कात्रीने डोळ्यांची भोकं पाडली. एक भोक जिथे हवं तिथे पडलं, दुसरं त्याच्याहून चार बोटं खाली, गालावर. सरळराव आरशात बघून कळवळले.

"भोकं वाकडी आहेत."

"भुताला काय मिरवायचं आहे? एका डोळ्याने बघा."

"बावीस वर्षं मी—"

"भावजी, भूत बोलत नाही."

मेव्हण्याच्या मते आरंभ जिन्यात व्हायला हवा होता. भूत वरच्या मजल्यावरून हळूहळू पायऱ्या उतरत येतं, हातात बाटली, असं दृश्य. 'हळूहळू'साठी त्याने सरळरावांना पाच वेळा वर-खाली पळवलं. त्या पळापळीत बाटली चांगली हलली, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आणि सोसायटीचे सेक्रेटरी आपला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एका जोडप्याला घेऊन वर चढतायत, हेही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वळणावर दोन्ही बाजू समोरासमोर आल्या. पांढरी चादर, एक डोळा कपाळाखाली, एक गालावर. जोडप्यातल्या बाई जागच्या जागी थिजल्या. सरळराव गोंधळून 'नमस्कार' म्हणायला हात वर करायला गेले, बाटलीचं झाकण सुटलं आणि फेसाचा फवारा थेट नवरेबुवांच्या चष्म्यावर गेला. त्यांनी एकदम चार पायऱ्या खाली उडी टाकली. बाई त्यांच्याही आधी खाली पोचल्या होत्या. कशा, ते कळलं नाही.

सेक्रेटरी भिंतीला पाठ लावून उभे होते. त्या धक्क्याने भिंतीवरची सोसायटीच्या नियमांची चौकट कलली. भुताने बाटली खाली ठेवली, पुढे होऊन चौकट दोन्ही हातांनी सरळ केली आणि एक पाऊल मागे येऊन नीट लागली की नाही ते पाहिलं.

"सरळराव!" सेक्रेटरी किंचाळले.

"मला कसं ओळखलंत?" भूत दुखावल्या आवाजात म्हणालं.

संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले ते नियमांची वही घेऊनच. जिन्यात व्यवसाय करायला बंदी, जिन्यात सामान ठेवायला बंदी, जिन्यात आरडाओरडा करायला बंदी. भुताबद्दल वहीत काही नव्हतं, हे त्यांना फार लागलं.

"तीन महिन्यांनी कुणीतरी फ्लॅट बघायला आलं होतं! आता ते फोनवर म्हणतायत, इमारतीत काहीतरी आहे. मी सांगितलं, तो आमचा लेबलवाला आहे. ते म्हणतात, तसं लेखी द्या."

"मी देतो लिहून," सरळराव म्हणाले.

"भुताने लिहून दिलेलं काय कामाचं? पालिकेचा दाखला आणा. शिक्क्याचा. उद्याच्या उद्या."

डॉक्टर गलका ऐकून वर आले होते. त्यांनी सल्ला दिला की दाखल्याबरोबर एक फोटोही जोडावा, दात दिसतील असा. भुताचे आणि माणसाचे दात वेगळे असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सरळराव पालिकेच्या खिडकी क्रमांक चारपुढे उभे होते. खिडकीमागचा कारकून कानात काडी फिरवत होता. जगातली कुठलीही गोष्ट ऐकून त्याची भुवई हलत नसावी, असा त्याचा चेहरा होता.

"काय हवंय?"

"इमारतीत भूत नाही, असा दाखला."

कारकुनाने काडी काढून तिच्याकडे पाहिलं. "नसल्याचा दाखला आम्ही देत नाही. असल्याचा देतो."

"पण ते नाहीये."

"तुमच्याकडे हत्ती आहे?"

"नाही."

"मग हत्ती नसल्याचा दाखला मागितलात कधी? उद्या लोक एकेका जनावराचे दाखले मागत बसतील. आधी असल्याची नोंद करा, मग ती रद्द करायचा अर्ज द्या. तो सात नंबरला."

सरळराव सात नंबरला गेले. सात नंबरने नऊला पाठवलं. नऊ नंबर जेवायला गेला होता. तो आल्यावर त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे तर चार नंबरचं काम." सरळराव परत चारपुढे आले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं की घाम, सांगता येत नव्हतं. कारकुनालाही बहुधा दया आली. भुवई हलली नाही, पण त्याने खणातून एक फॉर्म काढला.

"रहिवासी पडताळणी. मी स्वतः येतो, घरोघरी माणसं मोजतो. जेवढी मोजली तेवढी लिहितो. त्यापलीकडे कोणी नाही, असा आपोआप अर्थ निघतो."

"कधी याल?"

"येईन तेव्हा."

सरळराव घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि मेव्हणा घड्याळ दाखवत होता. चित्रण उद्या सकाळी द्यायचं, अजून एक दृश्य हातात नाही. जिना बंद. म्हणून सगळं घरातच उरकायचं ठरलं. बायकोने आधी भूमिका करायला साफ नकार दिला होता. पण मेव्हण्याने तिच्या जागी लेकीला उभं करून पाहिलं आणि लेक भुताला म्हणाली, "प्लीज, बल्ब बदलशील का?" ते ऐकून बायकोला राहवलं नाही.

"सर बाजूला. असं कुणी काम सांगतं का? तासभर कोणी हलायचं नाही."

तिने पदर खोचला. सरळराव चादर पांघरून स्टुलावर चढले. लेकीने मोबाइल धरला, मेव्हण्याने हवेत हात आपटून 'ॲक्शन' म्हटलं आणि बायको सुरू झाली.

"आलास? बरं झालं. उंच दिसतोस. तो बल्ब गेलाय चार दिवस, सांगून सांगून तोंड दुखलं माझं. पाय पुसून चढलास ना स्टुलावर? आणि वर आहेसच तर पंख्याची पाती पूस. फडकं वापर, चादरीने नको पुसूस, चादर माझी आहे!"

यातलं एकही वाक्य सरळरावांनी लिहिलेलं नव्हतं. सगळं त्यांनी गेल्या चार दिवसांत ऐकलेलं मात्र होतं. बल्ब फिरवता फिरवता चादरीच्या आत ते खजील होत गेले.

इतक्यात बेल वाजली. दार उघडंच होतं. चार नंबरचा कारकून बगलेत फाइल घेऊन आत आला. मेव्हण्याने लेकीला खूण केली, चालू ठेव. पडदेवाल्याला म्हणे पडदा कधी पाडायचा नाही, हेही कळतं.

"रहिवासी पडताळणी," कारकून म्हणाला. "घरात किती जण?"

"तिघं," बायको म्हणाली. "हा माझा भाऊ. तो पाहुणा आहे."

"आणि हे?" कारकुनाने पेनाने स्टुलाकडे खूण केली.

बायकोने वर पाहिलं. भूमिका सोडावी की धरावी, हे तिला ठरवता येईना. "हे भूत."

"घरचं की बाहेरचं?"

"घरचंच."

कारकुनाने रकाना भरला. "वय?"

"बावन्न," चादरीतून आवाज आला.

"व्यवसाय?"

सरळरावांचा हात बल्बवर थांबला. एरवी हा प्रश्न कुणी विचारला की ते छाती जराशी पुढे काढून उत्तर देत. आज मात्र तीन दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्या एका शब्दाने वर आलं. चादरीत एक सोय असते: समोरच्याचा चेहरा दिसतो, आपला दिसत नाही.

"लेबल तपासनीस," ते म्हणाले. आणि मग म्हणाले, "पुढच्या महिन्यापर्यंत."

बायकोची मान झटक्यात वर झाली.

"आणि त्यानंतर?" कारकुनाने विचारलं.

"ते अजून कळलेलं नाही. यंत्र येतंय."

"रकाना रिकामा ठेवता येत नाही."

सरळरावांनी बल्ब आणखी एक आटा फिरवला. खाली लेकीच्या हातातला मोबाइल कलला.

"मग भूत लिहा," ते म्हणाले.

कारकुनाने शांतपणे लिहिलं. मेव्हण्याला भान आलं, की बाटली राहिली. त्याने ती कारकुनापुढे केली. कारकुनाने उघडली. 'फस्स' आवाज झाला आणि आयुष्यात ज्याची भुवई हलली नव्हती तो माणूस फाइलसकट दोन फूट मागे उडाला. मग त्याने पेन उचललं, बाटली संपवली, "बरं आहे" म्हणाला आणि शेजारच्या घरी माणसं मोजायला गेला.

"खाली उतरा," बायको म्हणाली.

सरळराव चादर सांभाळत उतरले.

"कधी कळलं हे?"

"मंगळवारी."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू काळजी केली असतीस."

"आणि तुम्ही तीन दिवस घरभर फिरत होतात ते काय, व्यायाम म्हणून? मी इकडे समजत होते की माझंच काहीतरी बिनसलंय तुमच्याशी." तिने चादर वर उचलली आणि आतला घामाघूम चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग त्याच चादरीच्या टोकाने तिने तो पुसला. डागाचं तिच्याही लक्षात राहिलं नाही. "चढा परत. बल्ब अजून बसलेला नाही. तो बसवा, बाकीचं बघू आपण."

"सगळं आलंय हं मोबाइलमध्ये!" मेव्हणा म्हणाला. "फक्त चित्र थोडं तिरकं आहे."

शुक्रवारी सकाळी दाखला हातात पडला. 'सदर इमारतीत नोंद असलेल्या रहिवाशांखेरीज कोणीही आढळले नाही. एक रहिवासी चादरीत आढळले. चौकशीअंती जिवंत.' सेक्रेटरींनी शिक्का तीनदा तपासला आणि त्याच दिवशी ते जोडपं परत आलं. बाई मात्र जिना चढताना नवऱ्याला पुढे करून चढल्या.

कारखान्यात निघताना बायकोही चपला घालू लागली.

"तू कशाला?"

"माझं तोंड दिसतंय त्यात. लोक हसतात की आणखी काही करतात, ते मला बघायचंय."

कॅन्टीनमध्ये पडदा लावला होता. सरळरावांच्या आधी हिशेब विभागाने भुतांवर एक कविता वाचली आणि गाडीवाल्याने डोक्यावर पोतं घालून एक नाच केला. मग हे तिरकं चित्र सुरू झालं. सरळरावांनी पहिली पाच सेकंदं स्वतःची मान तिरकी करून ते सरळ करायचा प्रयत्न केला, मग डोळे मिटून घेतले. म्हणून जे झालं ते त्यांनी फक्त ऐकलं. 'चादर माझी आहे' या वाक्याला पहिला हशा आला. 'घरचं की बाहेरचं' याला बाकं वाजली. मग 'पुढच्या महिन्यापर्यंत' आलं आणि सगळं एकदम चिडीचूप झालं. पट्ट्यावर त्यांच्या शेजारी अठरा वर्षं उभी राहणारी झाकणवाली बाई नाक ओढताना स्पष्ट ऐकू आली. मोठे साहेब छताकडे बघत होते, असं नंतर बायकोने सांगितलं. 'मग भूत लिहा' नंतर क्षणभर तसंच गेलं, आणि कारकून उडाला तेव्हा मात्र कॅन्टीन कोसळायचंच बाकी राहिलं.

"हीच!" जाहिरातबाई उभ्या राहिल्या. "साहेब, हीच करायची. माणसं तीच घेऊ, काकूही त्याच हव्यात. फक्त भुताचा आवाज बदलू. कुणीतरी भारदस्त आवाजाचा नट घेऊ."

सरळरावांनी मान डोलावली. ते हो म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात बायको उठली.

"आवाज हाच राहील."

"काकू, धंद्याच्या दृष्टीने—"

"बाई, तुमच्या बाटल्या बावीस वर्षं या माणसाने सरळ ठेवल्या. त्याने या कारखान्यात कधी आवाज केला नाही. आता त्याचं एक वाक्य तुम्हाला आवडलंय, तर ते तोच बोलेल. नाहीतर माझं तोंडही काढून टाका."

सरळरावांना जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं आणि त्याच वेळी ताठ बसावंसंही वाटलं. ते ताठ बसले. साहेबांनी छतावरून नजर खाली आणली, घसा साफ केला आणि म्हणाले, "यथावकाश जो निर्णय घ्यायचा होता, तो आत्ताच घेऊन टाकू या."

निर्णय असा झाला, की यंत्र येणार ते येणारच. पण सरळराव जाहिरात विभागात जाणार, 'साहाय्यक, कल्पना' म्हणून, पाण्याच्या कूलरशेजारच्या टेबलावर. कारकुनालाही जाहिरातीत विचारलं गेलं. त्याला त्यासाठी कार्यालयाची परवानगी लागत होती. तो अर्ज मंजुरीसाठी खिडकी क्रमांक चारवरच आला, आणि अपूर्ण आहे म्हणून त्याने तो स्वतःच परत केला. मग त्याच्यासारखा दिसणारा एक नट आणला.

जाहिरात चित्रित झाली. चादरीखाली एक भलताच उंच तरुण उभा केला होता. राहिला फक्त भुताचा आवाज. आवाज भरायच्या दिवशी सरळराव काचेच्या एका बंद खोलीत कानाला डबडी लावून उभे होते. काचेपलीकडे ध्वनीवाला, जाहिरातबाई आणि बायको.

"मग भूत लिहा!" सरळराव म्हणाले.

"काका, फार आनंदी येतंय. परत."

"मग भूत लिहा."

"अजून आनंदी आलं. काका, या भुताची नोकरी चाललीय. तुमचा आवाज बढती मिळाल्यासारखा येतोय."

"मिळालीच आहे," सरळराव म्हणाले. आणि खरंच, त्यांना काही करता येईना. सकाळीच नव्या टेबलावर स्वतःच्या हुद्द्याची पाटी लागलेली त्यांनी पाहिली होती. दुःखाची एकेक गोष्ट ते आठवून बघत होते आणि मध्येच ती पाटी येऊन बसत होती. चौदा वेळा झालं. ध्वनीवाला कपाळ चोळू लागला. जाहिरातबाई हळूच म्हणाल्या, की भारदस्त नटाला अजूनही फोन करता येईल.

बायकोने ध्वनीवाल्यापुढचा माइक स्वतःकडे ओढला.

"अहो, ऐकू येतंय ना? सकाळपासून सांगायचं राहूनच गेलं. दादाला नवी नोकरी लागली होती ना, तीही सुटली. तो आपल्याकडे राहायला आलाय. तुमच्या पुढच्या सगळ्या जाहिराती आता मीच करून देतो, म्हणतोय. भावजींना एकट्याला नाही झेपायच्या, म्हणाला."

काचेपलीकडे सरळरावांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांचा खालचा ओठ लोंबला. कुठल्यातरी खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज आला.

"मग... भूत लिहा."

ध्वनीवाल्याने दोन्ही हात वर केले. जाहिरातबाईंनी टाळ्या वाजवल्या. "काका, अंगावर काटा आला!"

सरळराव डबडी काढून बाहेर आले. चेहऱ्यावर कौतुक होतं.

"काय युक्ती केलीस!" ते बायकोला म्हणाले. "क्षणभर मला खरंच वाटलं."

बायकोने पर्स बंद केली आणि खांद्याला अडकवली.

"युक्ती कसली? दोन खोकी आणि एक गादी. मी निघाले तेव्हा तो तुमच्या टॉवेलने डोकं पुसत होता."